बॅकअप सक्सेसफुल, फाइल २० बाइटची

सांगलीत क्लाउड बॅकअप कशाला पाहिजे हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २००५, मग २०१९, मग २०२१. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५, आणि गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक या सगळ्या पट्ट्यात तळमजल्यावर जे होतं ते पाण्यात गेलं. त्यात कॉम्प्युटर पण गेले आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या बॅकअपच्या हार्ड डिस्क पण गेल्या. त्यामुळं आता व्यापारी माणूस स्वतःहूनच म्हणतो, आमचं सगळं वर टाकून ठेवा.

टाकतात पण. कुणीतरी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालवायच्या कमांडची फाइल, लिहून देतं, ती रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी लिनक्सची सोय) लावतं, दोन दिवस फाइल वर गेलेली दिसते आणि विषय संपतो. पुढं वर्ष वर्ष तिकडं कुणी फिरकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बॅकअप बंद पडला की तो ओरडत नाही, तो गप बंद पडतो, आणि बहुतेक वेळा बंद पडल्यावरही लॉगमध्ये 'सक्सेसफुल' लिहीत राहतो. मी सांगली-मिरजेतल्या छोट्या पेढ्या, दवाखाने, दोन-तीन संस्था यांचे सर्व्हर बघतो आणि हा प्रकार इतक्या वेळा समोर आलाय की आता नीट लिहून ठेवतोय.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत पेढीचं सांगतो. त्यांचं बिलिंग लिनक्सच्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर चालतं, आत एमवायएसक्यूएलचा डेटाबेस, आणि रोज रात्री त्याचा डम्प (सगळ्या डेटाची एक फाइल) काढून, जीझिपनं दाबून लहान करून, एस थ्री बकेटमध्ये, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या कप्प्यात, टाकायचं काम एका स्क्रिप्टकडं. स्क्रिप्ट आधीच्या कुणीतरी लिहिलेली. सर्व्हर माझ्याकडं आला तेव्हा पहिल्यांदा बकेटची यादी उघडली. मोठ्या मालकांनी पेढीवर बसूनच दाखवा म्हणून सांगितलेलं, त्यामुळं त्यांचे दिवाणजी शेजारी खुर्ची ओढून बसलेले. स्क्रीनवर फाइलींची रांग, प्रत्येकीवर तारीख बरोब्बर, रोजची एक, एकही दिवस चुकलेला नाही. मी साइझच्या कॉलमकडं बघेपर्यंत दिवाणजीच म्हणाले, "सगळ्यांचं वजन एकच कसं काय ओ? पोती पण कधी अशी भरत नाहीत."

प्रत्येक फाइल २० बाइट. २० एमबी नाही, २० बाइट.

ही २० बाइटची फाइल ओळखून ठेवा, लै ठिकाणी भेटते. जीझिपला पाइपमधून (एका कमांडचा माल सरळ दुसरीला देणारी जोडणी) काहीच दिलं नाही तरी तो रिकाम्या मालाची एक व्यवस्थित फाइल बनवून देतो, १० बाइटचा हेडर, मधे २ बाइटचा रिकामा ब्लॉक आणि शेवटी चेकसम आणि लांबीचे ८ बाइट. फाइल खरी आहे, करप्ट नाही, जीझिपच्या टेस्टमध्ये पण पास होते, फक्त आत काही नाही. डम्प का रिकामा येत होता? तर बिलिंगचं अपडेट टाकताना डेटाबेसच्या युजरचा पासवर्ड बदललेला आणि स्क्रिप्ट अजून जुनाच पासवर्ड वापरत होती. रोज रात्री एमवायएसक्यूएलडम्प, म्हणजे डम्प काढणारा प्रोग्रॅम, दारातूनच परत यायचा, एरर १०४५, अॅक्सेस डिनाइड. हा एरर स्क्रीनवर यायला पाहिजे होता पण स्क्रिप्टमध्ये एररची वाट सरळ डेव्ह नलकडं, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, वळवलेली, मेल येऊ नयेत म्हणून असणार.

आता मुद्द्याची गोष्ट. डम्प फेल झाला मग स्क्रिप्ट पुढं का गेली? कारण पाइपलाइनचा निकाल शेलला (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) शेवटच्या कमांडवरून कळतो. डम्प, मग पाइप, मग जीझिप अशी ओळ असली तर शेल फक्त जीझिपला विचारतं, बाबा जमलं का, तो म्हणतो जमलं, एक्झिट कोड शून्य, म्हणजे काम झालं. पुढचं अपलोड तर खरंच झालं, २० बाइट अपलोड व्हायला काय लागतंय, तेही शून्य. शेवटी 'बॅकअप सक्सेसफुल' छापणारी ओळ. प्रत्येक पायरी आपापल्या जागी खरं बोलत होती आणि तरी सगळं मिळून निकाल खोटा.

आणि याहून वाईट पुढं होतं. स्क्रिप्टच्या शेवटी ३० दिवसांपेक्षा जुनं ते बकेटमधून उडवायची ओळ होती, जागेचं बिल वाढू नये म्हणून. पासवर्ड बदलून ३० दिवस उलटले आणि शेवटचा चांगला डम्प पण त्या ओळीनं पुसून टाकला. म्हणजे आम्ही यादी बघत बसलेलो तेव्हा त्या पेढीचा जगात एकच डेटा होता, चालू सर्व्हरवरचा. तो शाबूत होता म्हणून बरं. पहिलं काम म्हणजे तिथंच बसून हातानं डम्प काढला, त्याची शेवटची ओळ बघितली, मग वर टाकला आणि एक कॉपी पेढीच्या लॅपटॉपवर उतरवली. तोपर्यंत चहा गार झालेला आणि दिवाणजी एक शब्द बोलले नव्हते.

दुरुस्ती काय केली ते सांगतो. स्क्रिप्टच्या वर सेट मायनस ओ पाइपफेल, म्हणजे पाइपमधलं कुणीही पडलं तरी पूर्ण ओळ फेल धरायची. हे टाकताना पहिली ओळ बॅशची (शेलचा एक प्रकार) आहे का बघा, उबुंटू-डेबियनवर साधा एसएच म्हणजे डॅश हा दुसरा शेल असतो आणि तो बऱ्याच व्हर्जनमध्ये पाइपफेल बघून 'इल्लीगल ऑप्शन' म्हणत थांबतो. पण मी नुसत्या पाइपफेलवर पण थांबत नाही. डम्प आधी डिस्कवर फाइल म्हणून काढायचा, मग तिची शेवटची ओळ वाचायची. एमवायएसक्यूएलडम्प पूर्ण झाला की शेवटी 'डम्प कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख अशी एक कॉमेंट लिहितो, मधेच कनेक्शन तुटलं किंवा डिस्क भरली तर ती ओळ नसते. ती ओळ असेल तरच जीझिप, मग साइझ कालच्या फाइलशी ताडून बघायचा, फार खाली आला असेल तर थांबायचं आणि कळवायचं. अडत पेढीचा डेटा एका रात्रीत निम्मा होत नाही. अपलोड झाल्यावर आरक्लोन या क्लाउडवर फाइली टाकायच्या प्रोग्रॅमच्या चेकनं वरची आणि खालची फाइल हॅशसकट (फाइलचा ठसा म्हणावा असा आकडा) जुळवायची. आणि जुनं पुसायची ओळ सगळ्यात शेवटी, आजची फाइल सगळ्यातून पास झाली असेल तरच. नवीन चांगली फाइल हातात नसताना जुनी पुसायची नाही, हे तर आपल्याकडं वहीखात्याच्या काळापासून सगळे पाळत आलेत.

डेटाबेसची टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर एमवायएसक्यूएलडम्पला सिंगल ट्रान्झॅक्शनचा ऑप्शन पण टाका, रात्री कुणी एंट्री करत असलं तरी डम्प एकाच क्षणाचा येतो, आणि टेबलं लॉक होत नाहीत.

कळवायचं कसं, हा वेगळा विषय आहे आणि इथं मोठे मोठे लोक अडकलेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब डॉट कॉम या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या साइटवर काय झालं ते त्यांनी स्वतःच सगळं उघड लिहिलंय. रात्री उशिरा रेप्लिकेशनची (डेटा दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरवण्याची) भानगड सोडवताना एका इंजिनीअरकडून चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली गेली, सुमारे ३०० जीबी, आणि थांबवेपर्यंत साडेचार जीबीच्या आसपास उरलं. मग बॅकअप शोधायला गेले तर एस थ्री बकेट रिकामं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डम्प काढणारा प्रोग्रॅम जुना, ९.२ चा चालत होता, तो रोज एरर देऊन बंद व्हायचा. त्याचे मेल सुटत होते, पण डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याकडून आलाय का तपासणाऱ्या) नियमात ते मेल बसत नव्हते म्हणून समोरचा मेल सर्व्हर ते घेतच नव्हता, त्यामुळं कुणाला काही कळलंच नाही. शेवटी साधारण सहा तासांपूर्वीचा एक एलव्हीएम स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत), तो पण दुसऱ्याच कामासाठी काढलेला, त्यावरून सगळं उभं केलं. त्यांनी हे लपवलं नाही याबद्दल मला मनापासून आदर आहे. सर्व्हर बघणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा वाचावं.

त्यातून घ्यायचं ते हे की फेल झाल्यावर मेल येईल या भरवशावर राहायचं नाही. सर्व्हरच बंद असेल, क्रॉनच थांबला असेल, तर मेल पाठवणार कोण? उलटं करायचं. बॅकअप पूर्ण आणि तपासून झाला की स्क्रिप्टनं बाहेरच्या एका जागी हजेरी लावायची, आणि ठरलेल्या वेळेत हजेरी आली नाही तर त्या जागेनं आपल्याला उठवायचं. हेल्थचेक्स डॉट आयओ हे काम करतं, ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर पण बसवता येतं, फक्त ज्याचा बॅकअप घेताय त्याच सर्व्हरवर बसवू नका. मी अलर्ट टेलिग्रामवर घेतो. पेढीचा अलर्ट धाकट्या मालकांना पण जातो, कारण मी आजारी असलो, गावाला गेलो, तरी कुणाला तरी कळलं पाहिजे.

क्रॉनचं दुखणं सगळ्यात कॉमन. "हातानं चालवलं की चालतंय, रात्री चालत नाही" असा फोन आला की मी तीन गोष्टी बघतो. क्रॉनला आपल्या लॉगिनचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) मिळत नाही, त्याचा पाथ अगदी तुटपुंजा असतो, साधारणपणे यूएसआर बिन आणि बिन एवढाच, आणि एडब्ल्यूएसची (अॅमेझॉनच्या क्लाउडची) कमांड बसते यूएसआर लोकल बिनमध्ये, म्हणून रात्री 'कमांड नॉट फाउंड'. दुसरं म्हणजे आरक्लोनची कॉन्फिग फाइल ज्या युजरनं बनवली त्याच्याच होम फोल्डरमध्ये असते, क्रॉन रूटचा (मुख्य अॅडमिनचा) असेल तर तो रूटच्या घरात शोधतो आणि म्हणतो असं रिमोटच (जोडलेली क्लाउडची जागा) नाही. आणि तिसरं, ज्यावर माणसं अख्खा दिवस घालवतात, ते टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, टक्का म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालायला डेट कमांड सरळ क्रॉनटॅबमध्ये लिहिली की पहिल्या टक्क्यापाशी कमांड तुटते. टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या किंवा सरळ सगळं स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा, मी दुसरंच करतो. वेळ पण बघा, बरेच व्हीपीएस यूटीसीवर (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असतात. क्रॉनमध्ये पहाटे २ लिहिलं की आपल्याकडं सकाळचे साडेसात वाजतात, सौद्याची तयारी चालू आणि सर्व्हर डम्प काढण्यात गुंतलेला.

मिरजेत एका दवाखान्याचा केस वेगळाच होता. तिथं सर्व्हर जागेवरच, रिसेप्शनच्या मागच्या खोलीत. एक दिवस लाइट बराच वेळ गेली, यूपीएस उतरला, मशीन बंद पडलं, आणि परत चालू झाल्यापासून एकही अपलोड होईना. कीज (क्लाउडच्या चाव्या) बरोबर, नेट चालू, बकेट जागेवर. एररमध्ये लिहिलेलं 'रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड'. एस थ्रीला पाठवलेल्या प्रत्येक रिक्वेस्टवर सही असते आणि त्या सहीत वेळ असते, ती एस थ्रीच्या घड्याळापेक्षा १५ मिनिटांहून जास्त मागंपुढं असली की रिक्वेस्ट सरळ नाकारतात. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल संपलेला, त्यामुळं लाइट गेल्यावर घड्याळ कुठल्या कुठं मागं गेलेलं. नेटवरून वेळ आपोआप नीट व्हायला पाहिजे होती, पण राउटरमध्ये कुणीतरी यूडीपी १२३ पोर्ट बंद करून ठेवलेला, नेटवरून वेळ जुळवणारं एनटीपी त्याच पोर्टवरून चालतं. सेल बदलला, पोर्ट उघडला, वेळ जुळवणारा क्रोनी प्रोग्रॅम चालू केला, पाच मिनिटांत अपलोड सुरू. स्वस्तातला सेल, पण पेशंटचे रिपोर्ट त्याच्यापायी वर जायचे थांबलेले, आणि हे मला खरंच गंभीर वाटतं.

गूगल ड्राइव्हवर टाकणाऱ्यांसाठी एक. स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलकडं अॅपची ओळख) बनवून आरक्लोन जोडलं आणि आठवड्यानं 'इनव्हॅलिड ग्रँट' यायला लागलं, परत लॉगिन केलं की आठवडाभर चालतंय, तर गूगलच्या कन्सोलमध्ये तुमचं अॅप अजून 'टेस्टिंग'मध्ये आहे. त्या अवस्थेत रिफ्रेश टोकन (परत लॉगिन न करता चालू ठेवणारी चावी) ७ दिवसांत संपतं. अॅप 'प्रॉडक्शन'मध्ये टाका, सुटेल.

मोठ्या फाइलींचं दुखणं परत निराळं. ५० जीबीचा बॅकअप आणि २० एमबीपीएस अपलोड असेल तर सगळं सुरळीत चाललं तरी साडेपाच तास लागतात, आणि आपल्याकडं पावसाळ्यात साडेपाच तास नेट आणि लाइट दोन्ही सलग मिळणं म्हणजे नशीबच. अपलोड मधेच तुटलं की एस थ्रीवर मल्टिपार्टचे (मोठी फाइल तोडून पाठवताना केलेले) तुकडे तसेच पडून राहतात. साध्या यादीत ते दिसत नाहीत, पण जागा खातात आणि बिलात येतात. बकेट छोटं दिसतंय आणि बिल वाढतंय असं वाटलं तर हेच बघा, बकेटच्या लाइफसायकल रूलमध्ये (ठरल्या मुदतीनं आपोआप पुसायचा नियम) अर्धवट अपलोड ठराविक दिवसांनी टाकून द्यायची सोय आहे, ती प्रत्येक बकेटवर लावाच. आणि कालचा बॅकअप चालू असताना आजचा सुरू होऊ नये म्हणून एफलॉक ही कुलूप लावणारी कमांड वापरा. दोन्ही एकमेकांची लाइन खात बसतात आणि पूर्ण एकही होत नाही.

क्लाउडवर आहे म्हणजे सुटलो असं पण नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच क्लाउडच्या डेटासेंटरला आग लागली, एसबीजी २ ही आख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तिथंच होते त्यांचं दोन्ही गेलं. आपल्या ड्रॉवरमधल्या हार्ड डिस्कसारखंच झालं ते. म्हणून सर्व्हर मुंबईत असेल तर बॅकअप दुसऱ्या रीजनला (दुसऱ्या भागातल्या डेटासेंटरला) किंवा दुसऱ्याच कंपनीकडं. शिवाय सर्व्हरवर ठेवलेल्या कीला बकेटमधलं पुसायचा अधिकार देऊ नका. रॅन्समवेअरवाला (डेटा अडकवून खंडणी मागणारा) सर्व्हरमध्ये घुसला की पहिली ती की उचलतो. नुसत्या लिहायच्या अधिकारानं पण जुन्या नावावर नवीन फाइल चढवता येते, म्हणून बकेटला व्हर्जनिंग (जुन्या प्रती पण ठेवायची सोय) चालू पाहिजे. मग जुनं पुसायचं काम स्क्रिप्टकडून काढून लाइफसायकल रूलकडं द्यायचं, पण तो रूल फाइल तपासत बसत नाही, तो फक्त तारीख बघतो, त्यामुळं मुदत भरपूर लांब ठेवायची आणि हजेरी चुकली की त्याच दिवशी हात घालायचा. पेढीला मी शेवटी असंच करून दिलं.

आता रिस्टोअर. पेढीचं सगळं दुरुस्त झाल्यावर मी दिवाणजींना म्हटलं, आपण एकदा खाली उतरवून बघू. वेगळ्या मशीनवर कोरा डेटाबेस केला, कालची फाइल बकेटमधून उतरवली, चढवली, आणि बिलिंग त्याला जोडलं. दिवाणजींनी कपाटातून पट्ट्यांची फाइल काढली, त्यातली आदल्या आठवड्यातली एक शेतकऱ्याची पट्टी घेतली आणि स्क्रीनवर तोच नंबर उघडायला लावला. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटची रक्कम, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून त्यांनी जुळवलं. जुळलं. मग म्हणाले, "आता येणं बाकी काढा." आणि तो रिपोर्ट काही उघडेना.

कारण रिपोर्ट एका स्टोअर्ड प्रोसीजरवर (डेटाबेसच्या आतच ठेवलेला छोटा प्रोग्रॅम) चालायचा आणि एमवायएसक्यूएलडम्प मुळात प्रोसीजर आणि इव्हेंट घेतच नाही, ट्रिगर घेतो, पण या दोघांसाठी रूटीन्स आणि इव्हेंट्स असे ऑप्शन मुद्दाम द्यावे लागतात. हे कुठल्याही हॅशनं, साइझनं, हजेरीनं कळलं नसतं. दिवाणजींनी रोज जो रिपोर्ट लागतो तोच मागितला म्हणून कळलं. तेव्हापासून रिस्टोअरची चाचणी मी एकटा करत नाही, जो माणूस रोज त्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याला शेजारी बसवतो आणि तो म्हणेल ते उघडून दाखवतो. स्कॅन केलेल्या बिलांचं फोल्डर डेटाबेसच्या बाहेर असतं आणि ते बॅकअपमध्ये नाही, हे पण एका ठिकाणी असंच सापडलं.

स्वस्त म्हणून सगळं एस थ्रीच्या ग्लेशिअर डीप आर्काइव्हमध्ये (क्वचित लागणाऱ्या फाइलींची स्वस्त जागा) टाकणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, तिथून फाइल परत मागितली की स्टँडर्डमध्ये १२ तासांपर्यंत थांबावं लागतं, बल्कमध्ये ४८, आणि १८० दिवसांच्या आत पुसली तरी पूर्ण १८० दिवसांचे पैसे लागतात. जुन्या वर्षांचा हिशोब तिथं ठेवा, गेल्या महिन्याभराचा साध्या क्लासमध्ये.

एन्क्रिप्शन (फाइल पासवर्डनं कुलूपबंद करणं) करत असाल, आणि करायलाच पाहिजे, तर रेस्टिक किंवा आरक्लोन क्रिप्ट अशा प्रोग्रॅमचा पासवर्ड फक्त सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर गेला की पासवर्ड पण गेला आणि मग वरची फाइल कुणालाच उघडता येत नाही, रेस्टिक बनवणाऱ्यांना पण नाही. पेढीच्या पासवर्डचा कागद एक मालकांच्या लॉकरला आहे आणि एक त्यांच्या पुण्यातल्या मुलीकडं, आणि पुढची चाचणी तिच्याकडच्या कागदावरून करायची असं ठरलंय. टॅलीच्या डेटाचं इथं घेतलं नाही, विंडोजवर फाइली उघड्या असताना कॉपी घेण्याच्या भानगडी वेगळ्या आहेत, त्याच्यावर स्वतंत्र लिहितो.